अंजलीच्या हातातला पाना

(वार्षिक स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला गावानं एवढी वर्षं नेटानं चालवली, त्यांनी आयुष्यभर पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना शिकवलं. मीही शिक्षिका आहे आणि माझ्याही वर्गात त्याच वयाची मुलं बसतात. म्हणून आज मी त्या वयाच्या एका चित्रपटावर बोलणार आहे. या व्यासपीठावर संतसाहित्य, शेती, पाणी, राज्यघटना असे विषय झाले आहेत. त्यांच्या रांगेत हिंदी चित्रपट बसतो का, असं काहींच्या मनात येईल. माझ्या मते बसतो. आमच्या पिढीनं सतरावं वर्ष कसं जगायचं हे पाठ्यपुस्तकातून जेवढं घेतलं, त्याहून कितीतरी जास्त पडद्यावरून घेतलं. घेतलेली गोष्ट मोठेपणी पुन्हा तपासायला हवी.

चित्रपट आहे 'जो जीता वही सिकंदर'. दिग्दर्शक मन्सूर खान, निर्माते नासिर हुसेन. मे १९९२ मध्ये तो प्रदर्शित झाला. आमच्या तालुक्याच्या गावी रिळांची पेटी यायला उशीर व्हायचा. ती आली तेव्हा मी अकरावीत होते. आम्ही मैत्रिणींनी तो पाहिला, पुन्हा पाहिला, मग कॅसेटवर गाणी झिजेपर्यंत ऐकली. त्यानंतर मधली कितीतरी वर्षं तो माझ्यासाठी फक्त गाण्यांतून उरला होता. गेल्या वर्षी मी तो माझ्या मुलीबरोबर पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. ती आता अकरावीत आहे.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. गाव डेहराडून. अर्थात चित्रीकरण बरंचसं दक्षिणेत, कोडाईकनाल-उटीकडच्या डोंगरांत झालं. गावात कॉलेजं अनेक, पण खरी दरी दोघांमधली. राजपूत कॉलेज बाहेरून आलेल्या श्रीमंत मुलांचं आणि मॉडेल कॉलेज गावातल्या साध्या घरांतल्या मुलांचं. राजपूतवाले मॉडेलच्या मुलांना 'पजामाछाप' म्हणून हिणवतात. मुलींचं क्वीन्स कॉलेज वेगळं. दरवर्षी आंतरमहाविद्यालयीन क्रीडास्पर्धा होतात आणि त्यांचा कळस म्हणजे लांब पल्ल्याची सायकल शर्यत. कॅफे चालवणाऱ्या रामलालला दोन मुलं. थोरला रतन गुणी, मेहनती, शर्यतीत थोडक्यात हरलेला. धाकटा संजू अभ्यासात कच्चा, उनाड, थापाड्या. तो श्रीमंत असल्याचं सोंग करून देविकावर छाप पाडतो. लहानपणापासूनची मैत्रीण अंजली त्याच्यावर जीव टाकते, त्याला ते कळत नाही. राजपूतच्या शेखरच्या टोळीशी झालेल्या झटापटीत रतन कड्यावरून कोसळून जायबंदी होतो आणि त्याच्या जागी संजू शर्यतीत उतरतो. शेवट नावातच आहे.

अकरावीत आम्ही हा चित्रपट प्रेमाचा आणि शर्यतीचा म्हणून पाहिला. आता पाहताना पहिल्या काही मिनिटांतच लक्षात आलं की हा चित्रपट पैशाचा आहे. कोण कोणाच्या टेबलावर बसतं, कोण कोणाला गाडीतून नेतं, कोणाचे वडील उसनी भाषा वापरतात आणि कोणाचे मुलगे ती ऐकून हसतात, हे सगळं मन्सूर खाननं फार बारकाईनं मांडलं आहे. हिंदी चित्रपटात गरीब-श्रीमंत हा विषय काही नवा नव्हता. पण एरवी तो हवेली आणि झोपडी असा असायचा. इथे झोपडी नाही. इथे कॅफे आहे, गॅरेज आहे, म्हणजे ज्यांचं बरं चाललंय पण ज्यांना 'बरं' याच्या पुढे जाता येत नाही अशी माणसं आहेत. त्या थिएटरात बसलेल्या आमच्यापैकी बहुतेकजण त्याच घरांतले होते. मराठी माध्यमातली मुलं कॉन्व्हेंटच्या मुलांसमोर कशी गप्प होतात, हे आम्हाला कोणी सांगायची गरज नव्हती. म्हणून रतन हरला तेव्हा थिएटरात जो सुस्कारा उठला, तो त्या पात्रासाठी नव्हता. तो आमचा आमच्यासाठी होता.

या गोष्टीचं मूळ एका अमेरिकी चित्रपटात आहे, हे मला फार उशिरा कळलं. 'ब्रेकिंग अवे', १९७९, दिग्दर्शक पीटर येट्स. इंडियाना राज्यातलं ब्लूमिंग्टन हे विद्यापीठाचं गाव. विद्यापीठात बाहेरून आलेली मुलं गावातल्या मुलांना 'कटर' म्हणतात, कारण त्यांचे बाप तिथल्या चुनखडीच्या खाणींत दगड तोडायचे. शेवटी तिथेही सायकल शर्यत आहे. स्टीव्ह टेसिच यांना या पटकथेसाठी ऑस्कर मिळालं. दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिले की 'चोरी' या शब्दात गोष्ट मिटवता येत नाही. अमेरिकी चित्रपटातला बाप, आता जुन्या गाड्या विकणारा, मुलाला विद्यापीठाच्या आवारात नेतो आणि सांगतो की या इमारतींचा दगड मी तोडला, त्याचा मला अभिमान होता, पण इमारती उभ्या राहिल्या आणि त्या आपल्यासाठी नाहीत असं वाटू लागलं. एवढ्या थोड्या शब्दांत श्रमाचं आणि वर्गाचं दुःख सांगणारा प्रसंग मला क्वचितच कुठे भेटला आहे. 'जो जीता'मध्ये असा प्रसंग नाही. मात्र तिथे जे नाही ते इथे आहे, आणि ते म्हणजे भाऊ. ब्लूमिंग्टनमध्ये चार मित्र मिळून एक शर्यत जिंकतात. डेहराडूनमध्ये एक भाऊ दुसऱ्याची शर्यत पुरी करतो. मन्सूर खाननं अमेरिकी साचा घेतला आणि त्यात आपल्याकडचं घर भरलं.

त्या घराविषयी मला जरा थांबून बोलायचं आहे, कारण चित्रपटाचं सगळ्यात मोठं धन तिथेच आहे. संजू वाईट वागतो. खोटं बोलतो, बापाला फसवतो, मित्रांना वापरतो. मध्यंतरापर्यंत त्याच्यात सुधारणेची खूण नाही आणि दिग्दर्शकाला ती दाखवायची घाईही नाही. रतन मात्र त्याला पाठीशी घालतो, त्याच्यावर चिडतो, पुन्हा पाठीशी घालतो. संजू सुधारल्यावर रतनचं प्रेम सुरू होत नाही. ते आधीपासून आहे, तो नालायक असतानाही आहे. रामलालचं प्रेमही आहे, पण ते रागाच्या रूपात बाहेर पडतं. कुलभूषण खरबंदांचा तो चेहरा अकरावीत मला खलनायकाचा वाटला होता. आता मी तो चेहरा प्रत्येक पालकसभेत पाहते. मुलगा हातचा जाईल ही धास्ती आणि ती लपवण्यासाठी चढलेला आवाज.

१९९२ चं महाराष्ट्रातलं वातावरण आठवा. दहावी-बारावीची गुणवत्ता यादी लागायची, 'बोर्डात आलेल्या' मुलांचे फोटो वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर यायचे, आईवडील पेढा भरवतायत, मुलगा पुढे डॉक्टर होणार म्हणतोय. पुढे मंडळानं ती यादीच बंद केली, हे फार चांगलं झालं. पण आम्ही त्या यादीच्या सावलीत वाढलो. त्या काळात मोठ्या पडद्यावर एक नापासछाप मुलगा उभा राहिला आणि त्याच्या घरानं त्याला टाकलं नाही. त्याला चुकायला वेळ दिला. आमच्या वर्गातल्या मागच्या बाकांवरच्या मुलांनी हा चित्रपट पुन्हा पुन्हा का पाहिला, याचं उत्तर मला वाटतं इथे आहे. शर्यत जिंकल्याचा आनंद पहिल्या वेळी असतो. तिसऱ्या वेळी माणूस दुसरंच काहीतरी मागायला येतो.

आता 'पहला नशा'. त्याबद्दल न बोलता गेले तर तुम्ही मला सोडणार नाही. जतिन-ललित यांचं संगीत, उदित नारायण आणि मूळच्या कोकणातल्या दाभोळच्या साधना सरगम यांचे आवाज. शब्द मजरूह सुलतानपुरींचे. मजरूह तेव्हा सत्तरी ओलांडून गेले होते. पहिल्या प्रेमाचं गाणं त्या वयात इतकं कोवळं लिहिणारा कवी! पुढे दादासाहेब फाळके पुरस्कार मिळवणारे ते पहिले गीतकार ठरले. नृत्यदिग्दर्शन फराह खान यांचं, आणि तिथूनच त्यांची कारकीर्द सुरू झाली. सगळं गाणं मंदगती चित्रणात आहे. ते करायला ध्वनिमुद्रित गाणं जलद वाजवायचं, कलाकारांनी त्या वेगात ओठ हलवायचे आणि पडद्यावर सगळं संथ झाल्यावर ओठ मूळ चालीशी जुळायचे. पडद्यावर तरंगणाऱ्या त्या मुलामुलींनी प्रत्यक्षात केवढी घाईगर्दी केली असेल.

पण गाणं नीट पाहा. त्यात एक जोडी नाही. संजू देविकाच्या धुंदीत आहे आणि त्याच गाण्यात, त्याच संथ वाऱ्यात, अंजली संजूच्या धुंदीत आहे. एकाच चालीवर एकाचं सुख आणि दुसरीचा भ्रम चालला आहे. तिला वाटतंय, हा आनंद माझ्यासाठी आहे. अकरावीत आमच्या सगळ्यांचं लक्ष उडणाऱ्या लाल पोशाखाकडे होतं. आम्ही मुलींनीसुद्धा स्वतःला देविकाच्या जागी पाहिलं. अंजलीच्या जागी कोणालाच उभं राहायचं नव्हतं, खरं तर आमच्यातल्या बहुतेकजणी तिथेच उभ्या होत्या.

अंजली गॅरेजमध्ये काम करते. आयेशा झुल्कानं ती फार नितळ उभी केली आहे. हातात पाना, कपड्यांवर डाग, केस कसेतरी बांधलेले. १९९२ मध्ये आमच्या गावात मुलगी सायकलच्या दुकानासमोर पंक्चर काढून होईपर्यंत उभी राहिली तरी लोक बघायचे. सायकल तिथे लावायची, घरी जायचं, मग भावाला पाठवायचं अशी रीत होती. आणि इथे एक मुलगी दुरुस्ती स्वतः करत होती, कोणी तिला 'हे काय मुलीचं काम आहे?' असं विचारत नव्हतं. तिचा बापही नाही. एवढी मोठी गोष्ट दिग्दर्शकानं कसलाही गाजावाजा न करता पडद्यावर ठेवली, याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

माझ्या मुलीनं चित्रपट संपल्यावर एकच प्रश्न विचारला. "आई, तिला सायकलीतलं सगळं कळतं, तर ती शर्यतीत का नाही?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. शर्यत मुलांच्या कॉलेजांची होती, हे गोष्टीपुरतं उत्तर झालं. पण गोष्ट लिहिणाऱ्यानं शर्यत मुलांचीच का ठेवली? आम्हाला तेव्हा हा प्रश्न पडला नाही, कारण आमच्या आजूबाजूला शर्यती मुलांच्याच होत्या आणि मुली कठड्यापाशी उभ्या राहून ओरडायच्या. पडद्यावर तेच दिसलं, म्हणून ते खरं वाटलं.

त्या प्रश्नाचं बोट धरून मी देविकाकडे वळले. पूजा बेदीची देविका आम्ही सगळ्यांनी 'पैशामागे लागलेली' म्हणून निकालात काढली होती. थिएटरात तिला शिव्याही पडायच्या. आता बघा, तिनं काय केलं? एका मुलानं तिला आपण कोण हे खोटं सांगितलं. खोटं उघडं पडलं आणि ती निघून गेली. फसवला गेलेला माणूस निघून जातो, यात गुन्हा कोणता? झगमगाटाची ओढ तिला होती हे खरं. पण तीच ओढ संजूला नव्हती का? उसन्या ऐटीत मिरवणारा तो, आणि त्या ऐटीला भुललेली ती. दोघांची हाव एकच. त्याच्या हावेला चित्रपट वय म्हणतो, तिच्या हावेला स्वभाव. तो चुकतो आणि घरी परततो. ती चुकते आणि कथेतून बाहेर जाते.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि मी ते पूर्ण जबाबदारीनं मांडते. या चित्रपटानं मुलाला नालायक असण्याचा हक्क दिला आणि त्या हक्काची किंमत मी आत्ताच सांगितली. मुलींना मात्र त्यानं दोनच जागा दिल्या. एक वाट पाहणारीची, दुसरी सोडून जाणारीची. अंजलीनं चुकायचं नाही, चिडायचंही फारसं नाही. तिनं समजून घ्यायचं, मदत करायची आणि शेवटच्या रिळात कोणाच्या तरी लक्षात यायचं. आम्ही मुलींनी हा धडा गाण्यांसोबत गिळला. आमच्यातल्या कितीजणींनी पुढे संसारात अंजली होऊन वर्षं काढली, हे इथे बसलेल्या माझ्या वयाच्या बायकांना मी सांगायला नको.

असं म्हटलं की लगेच कोणी म्हणेल, त्या काळाला आजच्या मापानं का मोजता? मी काळाला दोष देत नाही. चित्रपट आजही मला आवडतो, पूर्वीपेक्षा जास्त आवडतो, आणि १९९३ चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा फिल्मफेअर पुरस्कार त्याला मिळाला तो रास्तच होता. ज्या चित्रपटानं धाकट्या भावाला इतकं समजून घेतलं, त्याला शेजारच्या गॅरेजमधली मुलगीही समजली असती. म्हणून तर चुटपुट लागते. जे चित्रपट मुळातच निर्दय असतात त्यांच्याकडे आपण हा हिशेब मागतही नाही.

आणखी एक गोष्ट तेव्हा दिसली नव्हती. चित्रपट आला तेव्हा संजू झालेला आमिर खान सत्तावीस वर्षांचा होता. त्यानं काम अप्रतिम केलं आहे, पण कोवळ्या वयाचा खरा चेहरा, पुटकुळ्यांचा, फुटलेल्या आवाजाचा, अर्धवट उंचीचा, तो आम्हाला हिंदीनं फार दाखवला नाही. तो दाखवला मराठीनं. मिलिंद बोकिलांच्या कादंबरीवर सुजय डहाके यांनी केलेल्या 'शाळा'त नववीतली मुलं खरोखर नववीतली वाटतात. नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'तला जब्या शालूकडे पाहतो तेव्हा त्या पाहण्यात कोवळेपणा आहे आणि जातीचं ओझंही. डेहराडूनच्या चित्रपटात पैशाची दरी होती, जात मात्र कोणी उच्चारली नाही. 'फँड्री'नं २०१३ मध्ये ती उच्चारली आणि आपल्याकडचा किशोरवयीन चित्रपट कायमचा बदलला. आता आपल्या मातीतल्या शाळेची गोष्ट लिहिणाऱ्याला जात वगळून लिहिणं अवघड आहे, निदान अवघड वाटायला हवं.

आणि मग २०१६ मध्ये 'सैराट' आला. रिंकू राजगुरू तेव्हा स्वतःच शाळकरी मुलगी होती. तिची आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, पोहणाऱ्या मुलांना दटावून विहिरीबाहेर काढते. पूर्वार्ध पाहताना मला 'पहला नशा'ची आठवण आली. तीच संथ गती, तोच वारा, फक्त करमाळ्याकडच्या उसात आणि केळीत. पण आर्चीचं मोल मला बुलेटपेक्षा उत्तरार्धात जास्त वाटतं. हैदराबादच्या वस्तीत ती रडते, वैतागते, स्वयंपाक येत नाही म्हणून अडते, ज्याच्यासाठी घर सोडलं त्या परश्याशी भांडते, एकदा तर सोडून निघते आणि परत येते. तिला चुकायला, पस्तावायला, मत बदलायला चित्रपटानं जागा दिली. जो हक्क १९९२ मध्ये संजूला होता, तो चोवीस वर्षांनी एका मुलीला मिळाला. तिला जो भयंकर शेवट भोगावा लागला तो समाजानं दिलेला आहे, दिग्दर्शकानं तिच्यावर लादलेली शिक्षा तो नाही. हा फरक मी माझ्या विद्यार्थ्यांना वर्गात समजावून सांगते आणि त्यांना तो कळतो.

मन्सूर खान यांच्याविषयी एक गोष्ट सांगते. त्यांनी चारच चित्रपट दिग्दर्शित केले. 'कयामत से कयामत तक', हा, मग 'अकेले हम अकेले तुम' आणि २००० मधला 'जोश'. नंतर ते मुंबई सोडून नीलगिरीत कुन्नूरला राहायला गेले, शेती करू लागले. अखंड आर्थिक वाढीच्या कल्पनेला प्रश्न करणारं 'द थर्ड कर्व्ह' हे पुस्तक त्यांनी लिहिलं. जिंकण्यावर एवढा लोकप्रिय चित्रपट काढणाऱ्या माणसानं पुढे त्या जिंकण्याच्या चढाओढीलाच थांबून पाहिलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. ते कळल्यावर मी चित्रपटाचा शेवट पुन्हा पाहिला. त्यात मला शर्यतीपेक्षा जखमी रतनच्या चेहऱ्यावरचा आनंद जास्त वेळ पाहावासा वाटला.

गुरुजींच्या या व्याख्यानमालेला दरवर्षी महाविद्यालयातली मुलंमुली येतात, आजही मागच्या रांगांत बरीच दिसतायत. तुमच्यातले काहीजण मोबाइलवर लघुपट करतात, एकांकिका लिहितात, हे मला माहीत आहे. तुम्हाला माझी एक विनंती आहे. कॉपी करताना सापडलेली, घरी खोटं बोललेली, नापास झालेली, चुकीच्या मुलावर भाळलेली एक मुलगी लिहा. तिला एक भाऊ किंवा बहीण द्या, जो ती सुधारायच्या आधीपासून तिच्या बाजूनं उभा असेल. तिच्या हातात पाना असू द्या आणि शर्यतीच्या यादीत तिचं नाव असू द्या. ती जिंकली नाही तरी चालेल. लिहून झालं की मला वाचायला द्या. मी याच गावात असते.